वीस मिनिटं, हलू नका

नळस्टॉपच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्स.
माझं काम एवढंच: चेहरा पुसून घ्यायचा,
डोळ्यांवर काळा चष्मा बसवायचा,
बटण दाबून म्हणायचं, वीस मिनिटं, हलू नका.

वीस मिनिटं समोरचं माणूस मला बघत नसतं.
मी बघते.
साखरपुडा पंधरा दिवसांवर आलेली एक,
सिंहगड रोडवरून स्कूटीवर येते, स्कार्फमध्ये गुंडाळलेली,
उघडे फक्त डोळे,
तेही मी झाकते.
बँकेतले एक साहेब, चाळिशी उलटली तरी
हनुवटीवर दहावीचं वर्ष सांभाळून बसलेले.

आणि परमेश्वर गित्ते. वय सव्वीस. गाव अहमदपूरकडे.
सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, अभ्यासिकेत चौदा तास.
फाईलमध्ये सगळा इतिहास:
डॉक्सी तीन महिने. मग अ‍ॅझिथ्रो. मग पुन्हा डॉक्सी,
या खेपेला मेडिकलवाल्याला विचारून, आपल्याच मनानं.
पोट बिघडलं, मेसचा डबा भरलेला परत गेला.
फोड गेले. आले. गेले.
आले ते सुट्टी काढून आल्यासारखे, ताजेतवाने.

डॉक्टर भडकमकर त्याला म्हणाल्या,
अरे, तुझ्या जंतूंना हे औषध पाठ झालंय आता.
तिथे तो गप्प बसला.
माझ्या खुर्चीत आल्यावर म्हणाला,
"मॅडम, माझी पूर्व तिसऱ्यांदा गेली.
आणि हे माझ्याच तोंडावर बसून पास झाले."

त्याला सगळं मुद्द्यांत लागतं.
मी सांगितलं, मला येतं तेवढं:
जंतू आपल्याच पोटात एक रंगद्रव्य बनवतो,
निळा उजेड पडला की तेच त्याच्यावर उलटतं,
आतल्या आत खाक.
"घरचा भेदी," तो म्हणाला.
सगळ्यांना लागू पडतं?
नाही.
किती वेळा?
आठवड्यातून दोनदा, दीड महिना, मग बघू.
किती पैसे? ते मी हळू आवाजात सांगितलं.
बोटांच्या पेरांवर त्याचा हिशोब झाला,
त्यात रात्रीचा डबा गेला असावा.
"गोळी होती तेव्हा म्हणाले, उन्हात जाऊ नको.
आता पैसे भरून उजेडात."

पाचवी खेप गुरुवारी आली. गुरुवार महावितरणचा.
अकराव्या मिनिटाला सगळं गेलं,
दिवा, पंखा, खालचं झेरॉक्स.
इन्व्हर्टर फक्त डॉक्टरांच्या खोलीत.
तो तसाच पडून, चष्म्याआड.
म्हणाला, "हॉलतिकिटावरचा फोटो फोडांचा आहे.
गेटवरचा माणूस बघतो. फोटो, मी. फोटो, मी.
या वेळी चेहरा बरा झाला तर आत सोडतील का?"
म्हणाला, "आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, जवळ धर की रे.
मी फोन पंख्याकडे धरतो."
लाईट गेलीय, एवढंच मी सांगायचं होतं.
सांगितलं नाही.

मग थोडं थांबून,
"तुमच्या गालावर पण आहेत. तुम्ही का नाही बसत याखाली?"
म्हणजे चष्मा लावायच्या आधी त्यानंही बघून घेतलं होतं.
माझे खड्डे शहाण्णव सालचे.
खालाच्या घरी, रुबीनाच्या निकाहच्या आदल्या रात्री,
न्हाणीघरातल्या फुटक्या आरशासमोर, नखांनी.
उजेड जित्या जंतूवर चालतो, म्हटलं.
माझे केव्हाच मेले.
त्यांची घरं राहिलीत.
"मग ती तशीच राहणार?"
राहिलीत की. भाडं नाही देत.

वीज आली. खाली झेरॉक्स खाकरलं.
पंखा फिरू लागला, निळं परत त्याच्या गालांवर सांडलं.
मी घड्याळ मागे घेतलं, म्हटलं, नऊ मिनिटं राहिलीत तुझी,
मध्ये लाईट गेली होती.
"माहितीये," तो म्हणाला. "पंखा थांबला तेव्हाच कळलं.
तुम्ही काही बोलला नाहीत,
म्हणून मी बोलत राहिलो."

हलू नको, मी म्हटलं.