दोन सोंगट्या कमी

कॅरममध्ये एका रंगाच्या नऊच असतात.
अकरा करायच्या तर दोन बाहेरून आणाव्या लागतात.
गोलकीपर म्हणून चिंचोका ठेवला,
लेफ्ट विंगला माझ्या खाकी शर्टाचं बटण,
तसंही ते परवापासून एका दोऱ्यावर लोंबत होतं.
काळ्यांना दोन-दोन रुपयांची दोन नाणी दिली.
कॅम्पवाल्यांकडे पैसा आहेच, थंगवेल म्हणाला
आणि पोरं हसली.
बरं झालं. संध्याकाळपासून कुणी हसलं नव्हतं.

खडकी. शनिवार, रात्रीचे साडेआठ.
फॅक्टरीचा भोंगा होऊन गेलेला.
क्लबाच्या खोलीत एकच ट्यूब, तीही फडफडणारी,
बोर्डाभोवती चौदा डोकी,
ओल्या मोज्यांचा, बामाचा,
कुणाच्या तरी डब्यातल्या बोंबलाचा वास.

राणी म्हणजे बॉल, मी सांगितलं.
राणी इथे, त्यांच्या राइट बॅकपाशी.
आता हा काय करणार?
तीन मॅच मी याला कुंपणाबाहेरून पाहिलाय,
एका हातात चहा, दुसऱ्यात स्टोअरची जुनी वही.
डाव्या पायावर आला की घाबरतो, मागेच देतो.
तेव्हा एलियास, अंगावर धावायचं नाही.
लाइनकडची वाट बंद, आतली उघडी ठेव.
रेशनच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याला अडवतो ना आपण,
हात न लावता,
नुसता खांदा वळवून. तसं.

एलियासला समजलं. एलियास रांगेतच वाढलाय.

मुबीन, तू वर गेलास की
तुझ्या मागे जी जागा राहते ती भीमसेनची.
जाण्याआधी त्याला हाक मार.
मुबीन मान डोलावतो. मुबीन सगळ्यालाच मान डोलावतो
आणि मैदानात बॉल दिसला की
पंगतीत जिलबी आल्यासारखा सुटतो.

हे सगळं बोटाने सरकवत होतो
आणि सोंगट्या जरा जास्तच सरकत होत्या;
दुपारी कुणीतरी पावडर सढळ हाताने टाकलेली.
ठेवावं तिथे काही राहीना.
सेंटर हाफ दोनदा भोकात जाता जाता वाचला.
"सर, हा मीच का?" डेव्हिडने विचारलं.
मी म्हटलं, पावडर आहे.
तो म्हणाला, उद्या दव असेल.

पुस्तकात याला व्यूहरचना म्हणतात.
अकरांचं कुठे काय, ते पुस्तकात आहे.
उरलेल्या तिघांच्या डोळ्यांत कसं बघायचं ते नाही.
सुबोध लोखंडेने काही विचारलं नाही.
कलंडलेला चिंचोका त्याने सरळ केला
आणि कोपऱ्यात जाऊन
पाण्याच्या बाटल्या मोजत बसला.
बाटल्या सहाच होत्या.
बराच वेळ मोजत होता.

पोरं गेली. मी बोर्डापाशी तसाच.
कचरूभाऊ वॉचमन काठी दाराला टेकवून आत आले,
म्हणाले, साहेब, एक बोर्ड होऊन जाऊ द्या.
मी म्हणणार होतो, हात लावू नका, ही टीम आहे.
पण त्यांनी स्ट्रायकर ठेवलासुद्धा,
जीभ दातात धरली
आणि माझा पंधरा दिवसांचा विचार
खाडकन चार भोकांकडे पळाला.

मग पाहिलं.
काळे सगळे राणीमागे एका बाजूला गोळा झालेले,
दोन्ही नाणी धरून,
आणि पलीकडे, कडेच्या लाकडाला टेकून,
माझं बटण. एकटं.
त्याच्या आसपास वीतभर कुणी नाही.

आम्ही उजवीकडून बॉल नेला की
ते सगळे तिकडेच जातात.
वहीत होतं हे. तीनही मॅचच्या पानांवर होतं.

फोन एलियासच्या आईने उचलला.
झोपलाय, म्हणाली. बूट घालूनच झोपलाय,
काढू देत नाही.
काही निरोप आहे का?

दोर, जागा, लाइन, उजवीकडून डावीकडे लांब पास,
काय काय सांगणार त्या माउलीला.
म्हटलं, काही नाही.
सकाळी दोन केळी खाऊन ये म्हणावं,
आणि मैदानावर जरा लवकर.

कचरूभाऊ म्हणाले, साहेब, तुमची पाळी.