मास अजून रागात आहे

पहाटे साडेपाचला उदगीरच्या कत्तलखान्यामागं
मी बर्फाचा डबा घेऊन उभी असते.
मौलालीचाचा सुरीची धार अंगठ्यावर बघतात,
कण्यालगतचा लांब स्नायू, वीतभर,
माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात.
काळा उस्मानाबादी बोकड, चौदा महिन्यांचा.
लेबलवर मी लिहिते : शून्य तास.

हात लावला तर अजून थरथरतं.
"घाई करू नये, बाई," ते म्हणतात,
"मास अजून रागात हाय.
दुपारपर्यंत दगडावानी ताठंल.
एक रात जाऊ द्या, उतरतो राग."

माझ्या प्रबंधात हेच वाक्य
सव्वीस पानांत आहे.

जीव गेला हे पेशीला लगेच कळत नाही.
मग कोंडलेलं कॅल्शियम पाझरायला लागतं
आणि कॅल्पेन जागं होतं,
रेणूएवढी कात्री.
तिच्यावर पहाऱ्याला दुसरा रेणू, कॅल्पास्टॅटिन.
तो किती दमाचा, यावर ठरतं
लग्नातलं मटण तोंडात विरघळेल
की सोयरे दात कोरत नावं ठेवतील.

जेलमध्ये दुधाचं प्रथिन मिसळते, निळ्या रंगात बुडवते.
जिथं एन्झाइमनं खाल्लं तिथं रंग धरत नाही,
पांढरी रेघ उमटते.
म्हणजे खरं तर काहीच उमटत नाही.
बिडवे सर दिव्यापुढं धरून बघतात :
"नसलेलं नीट मोज."

मंगळवारी लाइट गेली, सव्वातीन तास.
जनरेटरला डिझेल नव्हतं,
आणायला गेलेला गंगाधर पानटपरीवर सापडला.
बारा तासांचे सगळे नमुने गेले.
कॅल्पेनची खोडच अशी,
कापता कापता स्वतःलाही कापत जातं.

रात्री अण्णांना तेल लावते.
तीस वर्षं मोंढ्यात. तूर, हायब्रीड, सोयाबीन,
शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन
हलत्या फळीवरून थप्पीच्या टोकापर्यंत.
लकव्यानंतर डावी बाजू खाटेला टेकली ती टेकलीच.
मांडीचं मास बोटांखाली
धुऊन पिळलेल्या धोतरासारखं.

"काय शिकतीस गं एवढं?" जीभ जड.
मी सांगते. कात्री सांगते, पहारेकरी सांगते.
ते डोळे मिटून ऐकतात,
मग उजव्या हातानं हवेत काहीतरी ओढतात.
"पोत्याच्या शिवणीला दोन टोकं असतेत.
चुकीचं वढलं की गाठ बसती.
बराबर वढलं की सर्र...
दाण्याला धक्का नाही. फकस्त सुतळी."

एवढी पुस्तकं वाचली,
कॅल्पेन दाण्याला हात लावत नाही,
बांधलेलं तेवढं सोडवतं,
हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

जित्या मांडीतही हीच सुतळी निघते,
पहारा सैल पडला की.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांचा उजवा हात मात्र बराच वेळ
डाव्या मांडीवर होता.

पाणी द्यायला उठले तेव्हा म्हणाले,
"तो खाटीक शहाणा हाय तुमचा."

शनिवारी सरांनी वही तपासली.
बोकडांच्या रकान्यांखाली, घाईत, त्याच पेनानं,
आईच्या शिवणाच्या टेपनं मोजलेलं :
उजवी एक्केचाळीस. डावी छत्तीस.
मागच्या महिन्यात डावी अडतीस.

"हा नमुना कुठला? जात लिहिली नाहीस."
"मोंढ्यातला, सर."

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.
पेन्सिल पुढच्या रकान्यावर आली.
"तास?"

तो मी कोराच ठेवला होता.