कुणीतरी

फेब्रुवारीत, गॅरेजच्या पत्र्यावर बर्फ असताना,
वेंदेलीननं सगळ्यात आधी माझ्या पायांची जागा काढली.
मागे बसणाऱ्याचे दोन फुटरेस्ट, पट्ट्यांसकट:
सहाशे चाळीस ग्रॅम.
काटा माझा, स्वयंपाकघरातला,
ज्यावर मी क्नेडलिकचं पीठ तोलते.
ताटलीत खसखशीचे चार दाणे चिकटून होते,
ते त्यानं फुंकरीनं उडवले.
हिशेब चोख हवा, म्हणाला.

मग आरसे. मग हॉर्न, ज्याच्या एका हाकेनं
ओस्त्रोवाचित्सेच्या उतारावर एक हरिण
रस्ता सोडून जंगलात परत गेलं होतं,
आणि मी त्याच्या पाठीला घट्ट बिलगले होते.
हेडलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेटची लांब शेपटी.
नाव-गाव काढून घेतलेली ती गाडी
भादरलेल्या मेंढीसारखी उभी,
जराशी ओशाळलेली.

वही माझ्याकडे. डावीकडे वस्तू, उजवीकडे ग्रॅम.
शिशाची बॅटरी गेली, तिच्या जागी
साबणाच्या वडीएवढी नवी आली.
तीन किलो शंभर वाचले,
पडद्यांसाठी आईनं दिलेले पैसे संपले.
हा दुसरा आकडा मी लिहिला नाही.
टायटॅनियमचे बोल्ट पुडीतून आले,
केशरासारखे, मोजून.

हिनेक यायचा, घरच्या स्लिवोवित्सेची बाटली घेऊन.
म्हणायचा, चाकातला एक ग्रॅम
सांगाड्यातल्या दोघा-तिघांना भारी.
जे फिरत राहतं त्याचंच ओझं जास्त,
नुसतं बसलेलं चालवून घेता येतं.
मी कॉफी ठेवायला उठले.
परतले तर त्याचं बोट वेंदेलीनच्या पोटाकडे:
सगळ्यात स्वस्त पाच किलो हे बघ इथे,
पाना लागत नाही, तोंड मिटायचं फक्त.

त्या रात्रीपासून माझे क्नेडलिक उरू लागले.

शेवटी साइड स्टँड.
सातशे दहा ग्रॅम, मी आधीच लिहून ठेवले होते.
पण तो पाना हातात घेऊन बराच वेळ
उकिडवा बसून राहिला.
हा गेला, की ही स्वतःच्या पायावर उभी राहत नाही बरं का.
कुठेतरी टेकवायची,
नाहीतर कुणीतरी धरायची.
'कुणीतरी' म्हणताना त्यानं वर पाहिलं नाही.

एकशे शहाण्णवची एकशे बहात्तर झाली.
चोवीस किलो हलकी; तळघरातलं खोकं मात्र
कोबीच्या पिंपाशेजारी एकतीस भरतं.
काढलेल्याच्या जागी काहीबाही आलंच ना,
ते वजाबाकीत धरायचं राहिलं होतं.
बटाटे काढायला गेले की ते खोकं मी पायानं सरकवते.
आतून हॉर्न कधी वाजत नाही.

आता मे. ब्र्नोच्या सर्किटवर सकाळची तपासणी.
रांग इंचाइंचानं सरकते.
पुढे एक निरीक्षक, गुडघ्यावर, टॉर्च घेऊन,
तेलाच्या बोल्टला ओवलेली तार ओढून बघतोय.
वेंदेलीन फीची पावती आणायला गेलाय,
वाटेत कुणीतरी भेटलं असणार,
हातवारे करून वळण समजावत असणार.
गेल्या रविवारी फेरीमागे पावणेदोन सेकंद कमी झाले.
मध्यरात्री त्यानं मला उठवून सांगितलं होतं,
खिशातून काहीतरी काढून द्यावं तसं.

टेकडीवरून वारा येतो. गाडी कलते
आणि माझ्या कमरेवर येऊन थांबते.
मागच्या रांगेतली मुलगी, विशीतली,
तिच्या बापाची गाडी धरून उभी आहे.
आम्ही एकमेकींकडे बघून हसतो
आणि आपापले पाय जरा फाकवून घेतो.

तो आला, कागद फडकावत, घामेजलेला, खूश.
जड नाही ना वाटली?
नाही, म्हटलं.
मग हात बदलला.