हातचा अर्धा

अबस्तुमानीत सात वाजता औषधाचं दुकान बंद होतं.
लामारा छपरावर चढते, ओतियाचा पांढरा बनियन घेऊन.
दुर्बिणीच्या तोंडावर तो ताणून बसवते
आणि विझत्या उजेडाचे फोटो घेते,
काचेवरची धूळ कुठे कुठे बसलीय ते कळावं म्हणून.

मग टोपण लावते. अंधाराचे वीस फोटो.
खालून त्सियाला विचारते, "काय दिसतंय गं?"
"काही नाही. तेच मोजतेय."

ताऱ्याभोवती एक वर्तुळ, त्याबाहेर एक कडं.
कड्यात नुसतं आकाश. ते मोजायचं,
वर्तुळातून वजा करायचं.
हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही:
पावडर जोखताना कागदाचं वजन
ती बावीस वर्षं वजा करतेय.

"फुकटचा प्रोग्राम," ओतिया म्हणाला होता, "फुकटासारखाच असणार."
"फुकट नाही रे, उघडा आहे.
झाकण काढून आत बघता येतं."
पण तिने कधी काढलं नव्हतं.

तारा दक्षिण ओलांडायचा, दुर्बीण उलटी वळायची,
आणि दर रात्री, त्याच घटकेला,
तो दोन शतांश मंद व्हायचा.
तिने आधी ताऱ्याला दोष दिला,
मग दवाला,
मग ओतियाच्या सिगरेटीला. तो आठवडाभर रस्त्यावर जाऊन ओढत होता.

मार्चमध्ये बर्फाने रस्ता बंद केला.
गिऱ्हाईक नाही, आकाश नाही.
तिने झाकण काढलं.

ओळ चारशे बारा. तार्तूच्या कुणा हेल्दूरची टीप,
अकरा वर्षांपूर्वीची, रात्री तीनची:
'इथे अर्धा पिक्सेल सरकतोय. का ते कळत नाही.
झोप येतेय. सकाळी बघतो.'

हातचा धरायचा राहिला होता. अर्धा.
सुलट असताना चुकीत चूक लपायची,
उलटं झालं की उघडी पडायची.

तिने अर्धा मिळवला.
हेल्दूरची टीप पुसवेना,
खाली लिहिलं: 'बघितलं.'

दुरुस्ती पाठवली. नवव्या दिवशी रोसारियोहून उत्तर:
'छान. पण चाचणी कुठंय?'
हेल्दूरबद्दल तिने विचारलं होतं, त्यावर काहीच नाही.

आता तीन हिवाळ्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.
ओतिया सिगरेट घेऊन छपरावर आलाय.
"धूर तिकडे सोड," ती म्हणते,
आणि टोपण लावते.