फुंकू नका

लाइपझिगच्या पश्चिमेला, कालव्याच्या काठी,
चौथा मजला, लिफ्ट नाही.
गेरलिंड वर पोचते तेव्हा तिचा श्वास
गिटारच्या पेटीहून जड झालेला.
दार उघडणारा म्हातारा आधी तोच ऐकतो.
"बसा. श्वास जागेवर येऊ दे."

लान्त्सेनडोर्फ. एकतीस वर्षं रेडिओत,
आता एकेक वस्तू विकतो आहे, घाई नसल्यासारखा.

टेबलावर, हिरव्या बनातीवर, दोन मायक्रोफोन.
अंगठ्याएवढे जाड, वीतभरही नाहीत.
एक लाकडी पेटीत, कागदपत्रांसकट,
आलेखाची शाईसुद्धा अजून काळी;
जणू स्थळ सांगून आलेला मुलगा,
निर्व्यसनी, पगारी, भांग पाडलेला.
दुसरा मोज्यात.
खरंच, एका राखाडी लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला.
जाळीला पोचा, मानेपाशी रंग उडालेला,
क्रमांकातला एक आकडा पुसून गेलेला.

गेरलिंड दुधाने पोळलेली आहे.
मागच्या हिवाळ्यात ऐंशी युरोला घेतलेला एक
हवा दमट झाली की मोहरीसारखा तडतडायचा.
आता ताकही फुंकून प्यायचं असं ठरवून ती आलेली,
आणि जाळीपाशी तोंड नेते तोच
म्हातारा ओरडतो, "फुंकू नका!
बोला, टाळी वाजवा, शिव्या द्या,
पण फुंकू नका.
आत एक पापुद्रा आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
त्यावर सोन्याचा मुलामा,
आणि त्याला ओल सोसत नाही."

दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या बाईला
पातळपणा कळतो. सोनंही.
ती तोंड मागे घेते.

"आधी काहीच वाजवू नका."
तो खिडकी लावतो, फ्रिजची वायर काढतो,
भिंतीवरचं घड्याळ उतरवून
शेजारच्या खोलीत गादीखाली पुरतो.
अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण.
पेटीतला: काही नाही. पुसलेल्या काचेसारखं काही नाही.
मोज्यातला: फार लांबून,
सुपात तांदूळ सरकावेत तशी सळसळ.
"ती त्याची स्वतःची," लान्त्सेनडोर्फ म्हणतो.
"वयाची. माझ्याही कानात असते.
तिचे पैसे मी कमी केलेत."

मग गिटार. बाराव्या पट्टीसमोर,
एक वीत आणि चार बोटं, जरासा तिरपा.
"भोकावर रोखू नका, तिथे नुसता ढोल आहे.
लाकूड आणि तार भांडतात तिथे कान लावा,
भांडणात पडू नका."

ती वाजवते ते फारसं काही नाही,
मुलीला निजवताना बोटांना सापडलेलं.
मुलगी आता ब्रेमेनमध्ये बस चालवते.

पेटीतला सगळं सांगतो:
करंगळी पोचत नाही, तिसरी तार किंचित उतरलेली,
खुर्चीचा डावा पाय.
कारकुनाच्या आवाजात, एकही चूक न करता.
मोज्यातलाही तेच सांगतो.
करंगळी त्यातही पोचत नाही.
फक्त बोट तारेवरून घसरतानाचा तो चरा
त्याने जरा घासून गोल केलाय,
जशी ती रोज कवळीची कड घासते,
कुणाची तरी जीभ कापू नये म्हणून.

आणि शेवटच्या सुरामागे, खोलवर, एक "हं".
तिचा नाही.
ती वळून बघते.
म्हातारा गादीखालून घड्याळ काढण्यात गुंग.

"एकशे चाळीस," ती म्हणते. "मोज्यासकट?"
"मोजा माझा आहे."

मग ती आपला डावा हातमोजा काढते,
त्याला आत सरकवते, वर रुमाल बांधते.
जिन्यात लक्षात येतं, घासाघीस करायची राहूनच गेली.

फेब्रुवारी. कालव्यावर पातळ बर्फ,
बदकं त्याच्या कडेकडेने.
ट्रामला नऊ मिनिटं.
डावा हात गारठून लाल झालाय.
ती तो तोंडाशी नेते, थबकते,
पिशवी पाठीमागे सारते,
मान दुसरीकडे वळवते,
आणि मग बोटांवर फुंकते.