रीडिंग

आचारसंहिता लागली त्या दुपारी
निवृत्ती पासलकरने कँटीनच्या गॅसवर
मैद्याची खळ शिजवली.
बादली, ब्रश, रद्दीचा गठ्ठा,
आणि आम्ही दोघं धनकवडीभर
नावं झाकत हिंडलो.
बागेच्या फाटकावरचं, बसथांब्यावरचं,
बाकाच्या पाठीवरचं 'यांच्या विकास निधीतून',
शौचालयाच्या कोनशिलेवर तर एकाखाली एक अकरा.
निवृत्ती म्हणाला, आत पाण्याचा थेंब नाही, मॅडम,
आणि बाहेर अकरा जण.
एका नावावर शेअर बाजार बसला,
एकावर चुकून निधनवार्ता.
ती सोलून काढली, दुसरं पान लावलं.
उगाच कुणाला अपशकुन नको.

परत आले तर झेरॉक्सपाशी
डिंबळे साहेब स्वतः उभे.
"शालनताई, भाऊंची पत्रकं आहेत, दोन हजार.
पाचनंतर काढा. कागद आपलाच घ्या,
तो कपाटातला. कुणी विचारणार नाही."

कुणी विचारणार नाही.
एकोणीस वर्षं जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसून
मला एवढंच कळलंय:
विचारणारा उशिरा येतो,
पण दाखला मागतो.

म्हणाले, साहेब, मशीनला काउंटर आहे.
ते हसले. मशीनला मत नसतं, ताई.

खरंच. मत नसतं.
आकडा असतो.

आता, मी काही फार स्वच्छ नाही.
मार्चमध्ये ओवीच्या रसायनशास्त्राच्या वह्या,
बहात्तर पानं, याच मशीनवर काढली,
आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं 'कार्यालयीन'.
माझं अक्षर सुवाच्य आहे.
साहेबांनी ते वाचलं असणार.
म्हणूनच ते माझ्याकडे आले,
निवृत्तीकडे नाही.

पाच वाजले. खुर्च्या रिकाम्या झाल्या.
खाली कात्रजची बस दारात लोंबणारी माणसं घेऊन गेली.
मशीन तापायला चार मिनिटं घेतं.
त्या चार मिनिटांत
रजिस्टर मागं उलटत मार्चपर्यंत गेले.
'कार्यालयीन' खोडलं.
एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी,
शेजारी सही, तारीख, नियमाप्रमाणे.
वर लिहिलं: खाजगी. मुलीच्या वह्या.
दोन रुपये दराने एकशे चव्वेचाळीस,
उद्या भरणार, पावती जोडणार.
हात थरथरला नाही म्हणणार नाही.
'खाजगी'तला जी जरा वाकडा आलाय.

मग आजच्या पानावर नवी ओळ.
रीडिंग: १,४६,३४१.
प्रती: दोन हजार.
कोणासाठी,
कारण,
हे दोन रकाने कोरे ठेवले
आणि रजिस्टर साहेबांच्या टेबलावर नेलं.
"एवढं तुमच्या अक्षरात भरा, साहेब.
लगेच काढते."

त्यांनी पेनचं टोपण काढलं.
पंख्याने पान उडवलं, मी बोटाने धरलं.
टोपण पुन्हा लागलं.
"राहू द्या. अप्पा बळवंत चौकात
स्वस्तात होतात."
आणि दारापर्यंत जाऊन, पाठ न वळवता,
"उरुळीच्या डेपोला लिपिक मागतायत, कळलं ना?"

कळलं.
हडपसरला बस बदलावी लागेल, एवढा हिशेब
मी तिथंच उभ्या उभ्या केला.

मशीन बंद करण्याआधी वाकून पाहिलं:
१,४६,३४१.
दिवसभरात एकोणचाळीस प्रती,
सव्वीस जन्म, तेरा मृत्यू,
आणि कुणाचाही प्रचार नाही.
कोरे रकाने तसेच सोडून
ओळीवर लिहिलं: रद्द.

घरी जाताना शौचालयापाशी
कोनशिलेवरचा कागद एका कोपऱ्यात सुटलेला,
खालून एक आडनाव अर्धं बाहेर.
खळ अजून ओली होती.
अंगठ्याने दाबून बसवलं.
आत कुणीतरी रिकामा नळ
उघडझाप करत होतं.