इतिवृत्त, दुसरा शनिवार

जेल रोडला गायधनींच्या गच्चीवर आम्ही पाच जण.
थंडी निफाडकडची, खुर्च्या मंडपवाल्याच्या,
ग्लास नऊ, त्यातले सहा एकसारखे.
परवाने सगळ्यांचे आजन्म.
इतिवृत्त मी लिहितो,
कारण माझी जीभ मंद
आणि अक्षर बरं.

पहिली बाटली मोगलांची, म्हापशाहून आणलेली,
फिरकीचं झाकण, लेबलावर जहाज.
‘हिला हसायचं नाही,’ मोगल म्हणाले,
‘ब्याऐंशी साली मी हिच्यावरच हात साफ केला.’
खोकल्याचं औषध, असं मंदाताई शिरोडेंचं मत.
त्या दातांच्या डॉक्टर, भूल न देता बोलतात.
एस्तेर पगारे बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, लहानपणी शरणपूरला
प्रभुभोजनाच्या प्याल्यात हेच असायचं.
काठ पुसायचा पांढरा रुमाल,
आणि रुमालाच्या आधी ज्यांचे ओठ लागले
त्यांची नावं मी अजून सांगेन.
मी लिहिलं: गोड. जुनी ओळख.

दुसरी, वीस वर्षं पिंपात राहिलेली,
मंदाताईंच्या भाच्याने पोर्तोहून पाठवलेली.
रंग कोऱ्या चहाचा.
गायधनी ग्लास दिव्याकडे धरतात,
नोटेतलं जलचिन्ह शोधावं तसा.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये चुकलेली नोट हुडकण्यात गेली,
आणि परवाच्या तापात नाक गेलं,
ते काही परत आलं नाही.
‘सांगा,’ म्हणतात. ‘कसा येतोय?’
फळांसारखा म्हटलं की चिडतात.
कुठलं फळ? झाडावरचं, की टोपलीत तळाशी दबलेलं?
गोड म्हटलं तर, गोड मला कळतं हो,
जीभ शाबूत आहे. वास सांगा.

एस्तेर म्हणाल्या, तूप कढतंय,
बेरी तांबूस झालीय,
आणि गॅस बंद करायला अर्ध्या मिनिटाचा उशीर झालाय.
मोगल म्हणाले, मार्चमधली आमची शेड.
जाळीवर नवव्या दिवसाची थॉमसन,
द्राक्ष म्हणावं तर नाही,
बेदाणा म्हणावं तर अजून नाही.
गायधनींनी डोळे मिटले, घोट घेतला.
‘हं. शेड मिळाली. तूप नाही मिळालं.’

तिसरीचं बूच आतच मोडलं.
चहाच्या गाळणीतून गाळली, आणि त्यावरून वाद:
ही जी सुंठ लागतेय ती बाटलीतली
की संध्याकाळच्या चहाची?
दोन विरुद्ध दोन. निर्णय पुढील सभेवर.
चिवड्याबरोबर ती बरी लागते, खरवसाबरोबर फार बरी,
याला मात्र कुणाची हरकत नव्हती.

मग गायधनी माझ्याकडे वळले.
‘तुम्ही कधीच काही बोलत नाही, सेक्रेटरी.’
मी म्हणालो, मला ते जमत नाही.
लिहून घेतो ना मी सगळ्यांचं.
‘एक तरी.’
वही मिटली. ग्लासात नाक घातलं.
खाली रस्त्यावरून कुणाची तरी बुलेट गेली,
ती पार बिटकोपर्यंत ऐकू आली.

पेटी, मी म्हणालो.
बरीच वर्षं कुणी न वाजवलेली.
भाता पहिल्यांदा उघडला
की आत कोंडलेली जी हवा बाहेर येते,
ती.

कुणी हसेल असं वाटलं होतं.
गायधनींनी विचारलं, ‘भात्याला कातडं, की कापड?’
कातडं.
‘सुरांना गंज?’
थोडा. पितळेचा.
त्यांनी ग्लास ओठाला लावला
आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.
मंदाताई उगाचच चिवड्यातले शेंगदाणे निवडत राहिल्या.

चौथी बाटली उघडली नाही.
शिल्लक: दुसरीतली दोन बोटं, गायधनींकडे.
तिसरीचा गाळ मोगल स्टीलच्या डब्यातून घेऊन गेले,
मागच्या दाराच्या वेलीच्या बुडाशी घालणार आहेत.
बघू म्हणाले, ओळख देते का.
सभा पावणेअकराला संपली.
माझं मत मी इतिवृत्तात घेतलेलं नाही.
हे वेगळ्या पानावर आहे.